पहिली पावती घरच्यांच्या नावाने

डिसेंबर लागला की छत्रपती संभाजीनगरात पहाटे पाचलाच रस्ते जागे होतात. विद्यापीठाच्या आवारात, गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाभोवती, गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी कानटोप्या घातलेली माणसं पळताना दिसतात. पारा 10-12 अंशांवर आलेला असतो, एखाद्या पहाटे त्याच्याही खाली. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या या शहरात लांब पल्ल्याची तयारी करायची तर हेच दोन-तीन महिने हाताशी असतात. बहुतेकांचा पल्ला 10 किंवा 21 किलोमीटरचा. मोजके जण त्याच्या पुढे जातात. मॅरेथॉनचं अंतर 42.195 किलोमीटर, आणि त्याहून लांबची कोणतीही धाव म्हणजे अल्ट्रा मॅरेथॉन. या मोजक्यांतले काही जण आपली धाव एखाद्या कामाला निधी मिळवून देण्यासाठी लावतात.

अशा धावेबद्दल घरात दोन मतं असतात आणि दोन्ही ऐकताना पटतात. ती समोरासमोर बसावीत म्हणून हा संवाद रचला आहे. बोलणाऱ्या दोघी एकाच घरातल्या जावा. थोरली सरकारी दवाखान्यात परिचारिका होती, आता निवृत्त झाली आहे. धाकटी शाळेत शिकवते. फेब्रुवारीत लोणावळ्याच्या घाटात 50 किलोमीटर धावायचं आणि त्या निमित्ताने आपल्या शहरात उपचार घेणाऱ्या कर्करुग्णांसाठी पैसे उभे करायचे, असं तिने ठरवलं आहे. दोघी कल्पित आहेत, पण त्यांचे मुद्दे कल्पित नाहीत.

थोरली: अगं, पैसे गरजूला द्यायचेत ना? मग दे. दवाखान्यात जा आणि देऊन ये. मध्ये हे 50 किलोमीटर कशाला? बुटांचा खर्च, शर्यतीची फी, लोणावळ्याला जाणं-येणं, तिथला मुक्काम. एवढ्यात एखाद्या घराचा महिन्याचा किराणा भरला असता.

धाकटी: भरला असता ताई, पण एकाच घराचा. माझा पगार तो केवढा? मला शे-दोनशे लोकांपर्यंत पोचायचंय. नुसतं ‘मदत करा’ म्हटलं तर लोक मान डोलावतात आणि विसरून जातात. मुंबईची मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. तिच्या निमित्ताने दर जानेवारीत शेकडो संस्थांसाठी कोट्यवधी रुपये जमतात. पळणाऱ्याला मागायला कारण मिळतं आणि ऐकणाऱ्याला द्यायला मुहूर्त मिळतो.

थोरली: मुंबईत कंपन्या आहेत, बडे लोक आहेत. आपल्या गल्लीत कोण आहे? आणि मला एक कळत नाही. वॉर्डातल्या माणसाचे हाल पाहून ज्याचा हात खिशाकडे जात नाही, त्याचा तुझा घाम पाहून कसा जाईल?

धाकटी: यावर अभ्यास झालाय. ऑलिवोला आणि शफीर या दोघा संशोधकांनी 2013 साली दाखवून दिलं, की एखाद्या कामासाठी स्वतःला झळ सोसावी लागणार असेल तर माणूस त्या कामाला जास्त द्यायला तयार होतो. त्यातही ते काम माणसांच्या दुःखाशी जोडलेलं असेल तेव्हा विशेष.

थोरली: नीट ऐक, काय म्हणालीस ते. झळ ज्याला लागते त्याचा हात सैल होतो. म्हणजे तुझा. शेजाऱ्याचा कसा होईल? तो तर रजई पांघरून झोपलेला असतो.

धाकटी: म्हणूनच शेजाऱ्यांनाही उठवणार आहे. जानेवारीतल्या एका रविवारी माझ्या सरावातले शेवटचे पाच किलोमीटर विद्यापीठाच्या आवारात ठेवलेत. ज्यांच्याकडे पैसे मागणार त्या सगळ्यांना तिथे बोलावणार. पळा, चाला, पोरांना सायकलवर आणा. थंडीत उठून पाच किलोमीटर चाललेला माणूस पैसे देताना नुसता बघ्या राहत नाही. आणि आणखी एक. भावनेच्या भरात एक दिवस पैसे मागणं सोपं असतं. पण जी बाई सबंध थंडी पहाटे उठताना गल्लीने पाहिलीय, ती मागते तेव्हा समोरच्याला कळतं की हे काम ही अर्ध्यावर टाकणार नाही.

थोरली: बरं, तेवढं मान्य. आता मला सांग, ‘कर्करुग्णांसाठी’ म्हणजे नेमकं कशासाठी?

धाकटी: औषधांसाठी. केमोसाठी.

थोरली: मला हेच ऐकायचं होतं. पळायच्या आधी दवाखान्यात एक दिवस बसून ये. आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, मराठवाडाभरातून माणसं येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन हे सगळं बसतं. माणूस अडतो तो दुसरीकडेच. रेडिएशनचा कोर्स आठवड्यातले पाच दिवस, असा पाच-सहा आठवडे चालतो. मशीनखाली काही मिनिटंच जायचं असतं, पण हिंगोलीच्या माणसाने त्यासाठी रोज येऊन-जाऊन कसं करावं? तो इथेच कुठेतरी पथारी टाकतो. सोबत बायको नाहीतर भाऊ. दोघांची मजुरी बुडालेली असते. सोबतच्या माणसाच्या पोटाचं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. मग चार आठवड्यांनी म्हणतात, गावाकडे कापूस वेचायचा राहिलाय, जाऊन येतो. आणि मध्येच रेडिएशन तुटलं की त्याचा गुण कमी होतो. यंत्र आहे, डॉक्टर आहेत, योजनाही आहे, तरी माणूस हातचा जातो. का, तर मुक्कामाची आणि जेवणाची सोय नाही.

धाकटी: मग हाच पैसा मुक्कामासाठी, डब्यासाठी आणि एसटीच्या भाड्यासाठी. निवेदनात ‘कर्करुग्णांना मदत’ असं मोघम लिहिणारच नाही. लिहीन, ‘रेडिएशन घेणारा रुग्ण आणि त्याच्या सोबतचा एक माणूस, कोर्स पुरा होईपर्यंतचं जेवण आणि निवारा.’

थोरली: आणि एक पैसाही तुझ्या खात्यात यायला नको. रुग्णांसोबत काम करणारी नोंदणीकृत संस्था बघ, देणाऱ्याने थेट तिच्या खात्यात भरावेत. करसवलतीची पावती तीच देईल. 2,000 रुपयांच्या वर रोख दिले तर करात सवलत मिळत नाही, हेही लोकांना आधीच सांग. नंतर कुरकुर नको.

धाकटी: सांगते. आता तुमची सगळ्यात मोठी तक्रार बोला, मला ठाऊक आहे ती.

थोरली: ठाऊक असेल तर बरंच झालं. तू पहाटे चारला उठतेस. तुझ्यामागे भाऊजी उठतात, अंधारात तुला एकटीला सोडवत नाही म्हणून स्कूटर काढतात. पोरीची वेणी, तिचा डबा, दूध, पाणी भरणं हे माझ्याकडे आलं. रविवारी तू दहा-अकराला येतेस, जेवतेस आणि झोपतेस. हुरड्याला बोलावलं तर तुझा लांब पल्ला आडवा येतो, लग्नाला जायचं तर तुझी झोप. घरातलं काम काही कमी झालेलं नाही, त्याने फक्त हात बदलले. पेपरात फोटो आला तर तो एकटीचा येईल. मी काम करायला कुरकुरत नाही, आयुष्यभर केलंय. पण ते गृहीत धरलं की माझ्या जिवाला लागतं.

धाकटी: ताई, मी पुरुष असते तर हे विचारलं असतं का? या शहरात कितीतरी पुरुष पळतात. त्यांच्या बायका रात्री खजूर भिजत घालतात, पहाटे दार लावून घेतात. त्यांना कोण हिशेब मागतं?

थोरली: कुणीच मागत नाही, आणि तेच वाईट आहे. तुला विचारते म्हणजे तू बाई आहेस म्हणून अडवते असं समजू नको. तू ऐकशील म्हणून विचारते. घरोघरी हा हिशेब मांडायची रीत पडली तर त्या पुरुषांनाही मांडावा लागेल.

धाकटी: मग टेरी फॉक्सचं ऐका. कॅनडातला कोवळा पोरगा. कर्करोगाने एक पाय गेला. 1980 साली कृत्रिम पाय लावून तो कर्करोगाच्या संशोधनासाठी देश ओलांडायला निघाला. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला, रोज जवळपास एक मॅरेथॉन. मग रोग फुप्फुसांत पोचला आणि थांबावं लागलं. पुढच्या वर्षी तो गेला. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्यामागे एक व्हॅन होती, ती त्याचा मित्र डग ऑलवर्ड चालवायचा. स्वयंपाक त्याचा, पाणी त्याचं, रात्रीच्या मुक्कामाची खटपटही त्याचीच. थंडी, वारा, थकवा. दोघांचं इतकं बिनसलं की बोलणं बंद झालं. आईवडील विमानाने हॅलिफॅक्सला आले, दोघांना बसवलं, समजूत घातली. मग 17 वर्षांचा धाकटा भाऊ डॅरेल व्हॅनमध्ये आला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

थोरली: बघ, आणि नाव एकाचंच राहिलं.

धाकटी: पण तो भाऊ नसता तर ती धाव कुठवर गेली असती? मी हे तुमच्या बाजूनेच सांगतेय. डगचा राग खोटा नव्हता. घरचे धुसफुसले की पळणारा म्हणतो, यांना माझं ध्येय कळत नाही. त्यांना ते चांगलंच कळलेलं असतं. त्यांचं म्हणणं एवढंच असतं की आम्हीही यात आहोत, आम्हाला धरून बोल.

थोरली: आता बोललीस. रविवारी पळायला जाता तेव्हा रस्त्यात काय करता दोघं? भाऊजी घरी येऊन काही सांगत नाहीत.

धाकटी: छावणीतून निघते. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, मग दौलताबाद. उजव्या कडेने पळायचं, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. कपाळावर दिवा, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. भीती कुत्र्यांची नाही एवढी उसाच्या ट्रॉल्यांची. साखर कारखान्यांचा हंगाम असतो, मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. हे पुढे स्कूटरवर जाऊन थांबतात. उजाडता उजाडता किल्ल्यापाशी पोचते. डिकीत उकडलेले बटाटे, खजूर, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. बोटं इतकी गारठलेली असतात की पिशवीची गाठ सुटत नाही. हे गाठ सोडतात, बटाट्याची साल अंगठ्याने काढतात, मिठात लोळवून हातावर ठेवतात. मी पळत नाही तेवढा वेळ, उभ्या उभ्या खाते. मग घाट. घाटात पळायचं नाही, भरभर चालायचं. वर जाऊन उतरायचं, पुन्हा वर.

थोरली: थंडगार बटाटा जातो घशाखाली?

धाकटी: पहिल्यांदा नको वाटायचा. पण पोटालाही सराव लागतो. अंगात साठलेली साखर दीड-दोन तास पुरते, पुढे दर अर्ध्या तासाला काहीतरी खावंच लागतं. शर्यतीच्या दिवशी एकदम खायला गेलं तर उलटी होते. म्हणून इथेच सवय करायची. बाकी सगळं हळूहळू. आठवड्याचं अंतर थोडंथोडं वाढवायचं, तीन आठवडे चढते, चौथा उतरता. शनिवारी लांब, रविवारी परत लांब, म्हणजे दमलेल्या पायांनी पळायची ओळख होते. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत आणायचं. पुण्याचे आशिष कासोदेकर 28 नोव्हेंबर 2021 ते 26 जानेवारी 2022 असे 60 दिवस रोज एक मॅरेथॉन पळाले, गिनेसमध्ये नोंद झाली. रोज जोर लावून हे झालं नसतं. उद्या परत पळायचंय हे आज लक्षात ठेवूनच ते होतं.

थोरली: मग माझंही ऐक, हे जाऊ म्हणून नाही, सिस्टर म्हणून सांगते. आधी रक्त तपास. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही. आपल्या बायकांचं लोह मुळातच कमी असतं, त्यात तू इतकी पळणार. अळिवाचे लाडू करून ठेवीन, पण लाडवांवर विसंबू नको, रिपोर्ट आणायचा. ईसीजी काढून डॉक्टरांना दाखव. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी टाळायचं नाही. आणि भीतीने घटाघटा नुसतं पाणीही प्यायचं नाही. रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो. दुखतंय म्हणून पळण्याआधी दुखण्याची गोळी अजिबात घ्यायची नाही. अंगात पाणी कमी असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात. छातीत आवळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबायचं. लोकांनी पैसे दिलेत म्हणून रेटायचं नाही.

धाकटी: हेही निवेदनात लिहिते. मी अर्ध्यावर थांबले तरी दिलेले पैसे रुग्णांकडेच जातील. देणगी माझ्या शेवटच्या रेषेला बांधलेली नको.

थोरली: एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. बारामतीच्या लता करे आठवतात? साठी ओलांडलेली बाई. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून लुगड्यात, अनवाणी शर्यतीत उतरली आणि पहिली आली. तिच्यावर सिनेमा झाला, ‘लता भगवान करे’. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेखही झाला. सगळ्यांनी कौतुक केलं. मला मात्र वाटत राहिलं, की या बाईला तपासणीसाठी पळावं का लागलं? जे दवाखान्यात हक्काने मिळायला हवं ते आपण पळून, मागून, गोळा करून आणतो आणि त्याचा सोहळा करतो. त्याने ज्यांची जबाबदारी आहे ते निर्धास्त होतात.

धाकटी: तुमचं हे म्हणणं मला खोडता येत नाही. पण गाडगेबाबांकडे बघा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांना आसरा देते. बाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या त्या लोकवर्गणीतून, कीर्तनं करून. ज्यांची जबाबदारी होती त्यांची वाट बघत ते बसले नाहीत, आणि कीर्तनात लोकांना त्यांची जबाबदारी सुनवायचंही सोडलं नाही. दोन्ही एकाच तोंडाने.

थोरली: बाबांशी बरोबरी नको गं.

धाकटी: बरोबरी नाही, त्यांनी घालून दिलेली वाट सांगते. ज्यांनी पैसे दिले, जे पाच किलोमीटर चालले, त्या सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र तयार करू. रुग्णालयाजवळ रेडिएशनच्या रुग्णांसाठी कायमचा निवारा हवा, ही मागणी. तुम्ही लिहा, तुम्हाला आतली गरज माहीत आहे. मी सह्या आणते.

थोरली: लिहीन. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसं खुलताबादच्या भद्रा मारुतीला चालत जातात, तुझ्याच त्या रस्त्याने. मीही गेलेय. रस्ताभर चहा, पाणी, फराळ घेऊन लोक उभे असतात. चालणारा आणि चहा देणारा, दोघांचंही पुण्य सारखंच धरतात. तेवढं तुझ्या या धावेत आलं, तर माझी ना नाही.

धाकटी: मग ठरवून टाकू. रविवारी दुपारचा आणि रात्रीचा स्वयंपाक माझा आणि यांचा, तुम्ही स्वयंपाकघरात यायचं नाही. सकाळच्या डब्याची भाजी मी रात्रीच चिरून ठेवणार. घरातल्या लग्नाला मी येणारच, त्या आठवड्याचा लांब पल्ला गेला तरी चालेल. आणि देणाऱ्यांना जो हिशेब पाठवायचा, त्यात वर तुमचं आणि यांचं नाव.

थोरली: नावाचं राहू दे. स्वयंपाकाचं मात्र लेखी दे.

इथे दोघींचं बोलणं संपतं, वाद पुरता मिटत नाही. निवाऱ्याची सोय सरकारने करायची की लोकांनी, हा प्रश्न लोणावळ्याच्या 50 किलोमीटरनंतरही तसाच उभा राहणार आहे. पण मला या दोघींच्या बोलण्यातून एक गोष्ट पक्की वाटते. धर्मादाय धावेत पळणारा माणूस पैसे मिळवत नाही, तो विश्वास मिळवतो आणि त्या विश्वासावर लोक पैसे देतात. तो विश्वास पहाटेच्या अंधारात तयार होतो, आणि तो तयार करायला एकाहून जास्त माणसं उठलेली असतात. कुणी झोप दिलेली असते, कुणी रविवार, कुणी हुरडा. देणगीदारांच्या यादीत कुणाचं नाव चढण्याआधीच घरच्यांनी आपला वाटा भरलेला असतो. त्यांची पावती फाडायची म्हणजे कार्यक्रमात आभार मानायचे नव्हेत. त्यांचं काम वाटून घ्यायचं, त्यांना विचारून वेळापत्रक आखायचं, आणि पैसा कुठे जावा हे ठरवताना त्यांचं ज्ञान वापरायचं. थोरलीला न विचारता धाकटी पळाली असती तर पैसे जमले असते, पण जिथे योजना आधीच पोचली आहे तिथेच ते गेले असते.

या थंडीत कुणी पळणारा तुमच्या दारी निधी मागायला आला तर जरूर द्या. देण्याआधी दोनच गोष्टी विचारा. हा पैसा नेमका कोणाच्या कोणत्या अडचणीला लागणार? आणि तुम्ही पहाटे घराबाहेर असता तेव्हा तुमच्या वाटचं काम घरात कोण करतं? पहिल्याचं उत्तर आकड्यात आणि दुसऱ्याचं उत्तर नावानिशी मिळालं, तर हात आखडता घेऊ नका.